अलास्का क्रूझची तयारी: केबिन निवडण्याआधी नकाशा उघडा

"बोट लागेल का गं?" आई-बाबांना अलास्काला न्यायचं ठरलं तेव्हा बाबांनी विचारलेला हा पहिला प्रश्न. बाबा रत्नागिरीचे. लहानपणी मुंबईहून गावी जायचं ते कोकणच्या बोटीने, डेकवर वळकटी पसरून. त्या प्रवासात कोण कुठे आडवं झालं, कोणाला किती उलट्या झाल्या, हे त्यांना अजून आठवतं. मला मात्र हा प्रश्न पहिल्या खेपेला सुचलाच नव्हता. दोन वर्षांपूर्वी मी आणि नवरा गेलो तेव्हा आम्ही केबिनचे फोटो पाहिले, भाव पाहिला आणि पैसे भरले. केबिन निघाली बुफेच्या बरोबर खाली. पहाटे पाचला डोक्यावर खुर्च्या सरकायला लागायच्या आणि रात्री उशिरापर्यंत सरकत राहायच्या. सातही रात्री.

दुसऱ्या खेपेला मी बाबांच्या प्रश्नापासून सुरुवात केली आणि केबिन सगळ्यात शेवटी निवडली. नवख्यांनीही याच क्रमाने जावं असं मला मनापासून वाटतं. आधी मार्ग, मग व्हिसा, मग महिना आणि त्यानंतर केबिन. बोट कुठल्या पाण्यातून जाणार आणि त्या केबिनमध्ये कोण झोपणार, हे कळल्याशिवाय केबिन चांगली की वाईट हे सांगताच येत नाही.

पहिली पायरी: बोट कुठून निघते?

अलास्काच्या बहुतेक क्रूझ सात रात्रींच्या असतात आणि त्यांचे मुख्य प्रकार तीन. सिएटलहून निघून सिएटललाच परत, कॅनडातल्या व्हँकुव्हरहून निघून व्हँकुव्हरलाच परत, किंवा व्हँकुव्हर आणि अँकरेजजवळचं व्हिटियर अथवा सुअर्ड बंदर यांच्यामधली एकमार्गी.

अमेरिकेत राहणाऱ्यांना सिएटल सोयीचं वाटतं, कारण अमेरिकेतल्या अमेरिकेत विमान मिळतं. पण तिथून निघणाऱ्या बहुतेक बोटी व्हँकुव्हर बेटाच्या पश्चिमेकडून, म्हणजे खुल्या पॅसिफिकमधून वर जातात. जाताना आणि येताना एकेक दिवस मोठ्या पाण्यात जातो. व्हँकुव्हरहून निघणारी बोट बेट आणि मुख्य भूमी यांच्यामधल्या अरुंद पाण्यातून जाते. दोन्ही बाजूंना डोंगर, देवदार, मधूनच एखादा दीपस्तंभ, आणि पाणी बहुतेक वेळ तळ्यासारखं. पुढे क्वीन शार्लट साउंड आणि डिक्सन एंट्रन्स या दोन उघड्या पट्ट्यांत काही तास हलतं, तेवढंच. ज्यांना गाडी लागते त्यांच्यासाठी मी डोळे झाकून व्हँकुव्हर सुचवेन.

एकमार्गी प्रवासात हिमनद्या जास्त दिसतात, आणि पुढे रेल्वेने डेनाली राष्ट्रीय उद्यानापर्यंत जाता येतं. पण त्यात अलास्काचं आखात ओलांडावं लागतं, ते खुलं पाणी आहे. शिवाय जायचं-यायचं विमान वेगवेगळ्या शहरांतून, त्यामुळे तिकीट महाग पडतं.

मार्ग बघतानाच हिमनदीचा दिवस कुठला आहे ते बघा. जाहिरातीत सगळीकडे नुसतं 'ग्लेशियर' लिहिलेलं असतं, पण जागा वेगवेगळ्या असतात. ग्लेशियर बे राष्ट्रीय उद्यानात दिवसाला फक्त दोन मोठ्या क्रूझ बोटींना प्रवेश आहे, आणि उद्यानाचे रेंजर बोटीवर येऊन दिवसभर माहिती सांगतात. १७९४ मध्ये ब्रिटिश दर्यावर्दी कॅप्टन व्हँकुव्हरची माणसं तिथून गेली तेव्हा आज जी खाडी आहे ती जवळजवळ पूर्ण बर्फाखाली होती. बर्फ तेव्हापासून शंभर किलोमीटरहून जास्त मागे सरकलाय. हबर्ड हिमनदी समुद्राला मिळते तिथे तिचं तोंड सुमारे दहा किलोमीटर रुंद आहे. एन्डिकॉट आर्मची खाडी अरुंद, कड्यांच्या मधून जाणारी. तिन्ही सुंदर आहेत, पण पहिल्यांदाच जात असाल आणि तारखा जुळत असतील तर ग्लेशियर बे घ्या. सगळ्या कंपन्यांकडे तिथला परवाना नसतो, म्हणून बोटीचं नाव बघून न थांबता त्या तारखेचा दिवसवार कार्यक्रम वाचा.

दुसरी पायरी: दोन देशांचे व्हिसा

भारतीय पासपोर्टवर जाणाऱ्यांपैकी अनेकांची इथे गडबड होते. अमेरिकेचा व्हिसा आहे, सिएटलहून जाणार, सिएटललाच येणार, मग कॅनडाचा काय संबंध? संबंध १८८६ च्या एका अमेरिकी कायद्याचा. परदेशी नोंदणीच्या बोटीला प्रवासी घेऊन अमेरिकेतून निघून अमेरिकेतच परत यायचं असेल तर मध्ये परदेशी बंदराला लागावंच लागतं, आणि मोठ्या क्रूझ बोटी बहुतेक परदेशी नोंदणीच्याच असतात. म्हणून सिएटलच्या बहुतेक बोटी कॅनडातल्या व्हिक्टोरियाला काही तास थांबतात. तुम्ही तिथे उतरणार नसलात तरी कॅनडाचा व्हिसा लागतो, आणि तो नसेल तर सिएटलच्या धक्क्यावरच तुम्हाला अडवतील. परत अमेरिकेत शिरायचं असल्यामुळे अमेरिकेचा व्हिसाही एकाहून अधिक प्रवेशांचा हवा.

मुलांकडे उन्हाळ्यात आलेल्या आई-वडिलांना हे लागू आहे आणि एच-वन व्हिसावर नोकरी करणाऱ्यांनाही. ग्रीन कार्ड असलेल्या भारतीयांना कॅनडाचा व्हिसा लागत नाही, पण वैध पासपोर्ट आणि कार्ड दोन्ही जवळ हवं. उलट, कॅनडात कायम रहिवासी असलेल्या भारतीयांना अमेरिकेचा व्हिसा लागतो. दोन्ही सरकारांच्या अधिकृत संकेतस्थळांवर आपल्या परिस्थितीचा नियम स्वतः वाचा. माझ्या आई-बाबांचा कॅनडाचा अर्ज आम्ही ते भारतात असतानाच केला. बोटांचे ठसे देणं, पासपोर्ट पाठवणं, परत येण्याची वाट बघणं, हे सगळं परक्या देशात करण्यापेक्षा पुण्यात करणं त्यांना सोपं गेलं.

याच वेळी विमाही बघून घ्या. पालकांसाठी काढलेला अमेरिकेतला विमा कॅनडात आणि बोटीवर चालतो का, हे लेखी विचारा. बोटीवरच्या डॉक्टरचं बिल वेगळं येतं आणि रुग्णाला हेलिकॉप्टरने हलवावं लागलं तर खर्च प्रचंड होतो.

तिसरी पायरी: महिना

हंगाम साधारण एप्रिलच्या अखेरीपासून ऑक्टोबरच्या सुरुवातीपर्यंत. मे सगळ्यात कोरडा, डोंगरांवर बर्फ भरपूर, भाव उतरलेले, आणि आपल्याकडच्या शाळांना सुट्टी. थंडी मात्र चांगलीच असते, आणि अरुंद खाड्यांत कधी कधी तरंगत्या बर्फामुळे बोट शेवटपर्यंत जाऊ शकत नाही. जूनमध्ये दिवस लांब. जुनोला, म्हणजे अलास्काच्या राजधानीत, २१ जूनच्या सुमारास अठरा तासांहून जास्त उजेड असतो. जुलै-ऑगस्ट त्यातल्या त्यात उबदार, सॅमन मासे नद्यांत चढतात आणि त्यांच्या मागे अस्वलं येतात. गर्दी आणि भावही तेव्हाच चढलेले. सप्टेंबरमध्ये पाऊस वाढतो, पण रात्री अंधाऱ्या होतात आणि नशीब असेल तर ध्रुवीय प्रकाश दिसतो.

पावसाबद्दल एक सांगते. अलास्कातल्या केचिकन बंदराला वर्षाला सुमारे ३,८०० मिलिमीटर पाऊस पडतो. आकडा ऐकून बाबा म्हणाले, "मग आपल्याकडच्यासारखाच की." आकडा तसा कोकणच्या तोडीचा आहे, पण आपला पाऊस चार महिन्यांत कोसळून मोकळा होतो. तिथला बारा महिने बारीक, थंड पडत राहतो. त्यामुळे पाऊस चुकवून जायचा महिना शोधत बसू नका. पावसाचे कपडे घ्या आणि चला.

चौथी पायरी: केबिनचा प्रकार

आतली केबिन म्हणजे खिडकी नसलेली खोली, साधारण १५० ते १८० चौरस फुटांची. दिवा मालवला की मिट्ट काळोख. जूनच्या लांब उजेडात झोप येत नसेल तर हा फायदाच म्हणायचा. दिवसभर डेकवर उभे राहणाऱ्या तरुण जोडप्याने ही केबिन घ्यावी आणि वाचलेले पैसे स्कॅगवे बंदरातून डोंगरात जाणाऱ्या व्हाइट पास रेल्वेवर किंवा जुनोजवळ देवमासे बघायला जाणाऱ्या लहान बोटीवर खर्च करावेत. पण बंद खोलीत ज्याचा जीव घाबरतो त्याने इकडे फिरकू नये.

खिडकीच्या केबिनची खिडकी उघडत नाही, पण उजेड येतो आणि सकाळी डोळे उघडले की बाहेर काय चाललंय ते कळतं. यातच 'दृश्य अडवलेली' अशी स्वस्त केबिन असते, म्हणजे समोर जीवरक्षक होडी टांगलेली. काही ठिकाणी होडी अर्धीच आड येते आणि वरून डोंगर दिसत राहतात. उजेडापुरती खिडकी हवी असेल तर हा चांगला सौदा आहे. खिडकीबाहेर चालायचा डेक असेल तर मात्र रात्री दिवा लावण्याआधी पडदा ओढा.

बाल्कनीबद्दल लोक खूप वाद घालतात. थंडीत बाल्कनीत बसणार कोण, असं विचारतात. मी सांगते, म्हातारी माणसं बसतात. हिमनदीच्या दिवशी वरच्या डेकवर वारा बोचतो आणि कठड्याशी दोन-तीन रांगा लागतात. माझी आई गुडघ्यांमुळे तिथे दहा मिनिटंही उभी राहू शकली नसती. बाल्कनीत ती स्वेटरवर शाल आणि शालीवर बोटीचं ब्लँकेट घेऊन दोन तास बसली. बाथरूम चार पावलांवर. साठीच्या पुढच्या माणसांसाठी बाल्कनीचे पैसे वसूल होतात, हे मी डोळ्यांनी पाहिलंय.

चौघांचं कुटुंब असेल तर एक युक्ती करा. आई-बाबांना बाल्कनीची केबिन आणि त्याच वाटेवर बरोबर समोरची आतली केबिन स्वतःला. बाल्कनी सगळ्यांचीच होते आणि दोन बाल्कन्यांचा खर्च वाचतो. एकाच केबिनमध्ये तिसरा-चौथा माणूस घालायचा तर तो सोफ्यावर किंवा छतातून खाली येणाऱ्या बाकावर झोपतो. तिथे शिडीने चढावं लागतं, म्हणजे मुलांसाठी ठीक. अशा केबिन थोड्या असतात आणि लवकर संपतात. दोन वेगळे पलंग हवेत की जोडून, हे आधी कळवलं तर तसं करून देतात.

'गॅरंटी' नावाचा एक स्वस्त प्रकार असतो. त्यात प्रकार तुम्ही निवडता आणि खोलीचा नंबर कंपनी ठरवते. एकटेदुकटे असाल तर घ्या. वडीलधाऱ्यांबरोबर नको.

पाचवी पायरी: डेक प्लॅन

खरं काम इथे आहे. प्रत्येक बोटीचे मजलेवार नकाशे कंपनीच्या संकेतस्थळावर असतात. ते मोठ्या पडद्यावर उघडा, फोनवर नको.

बोट म्हणजे बागेतल्या सी-सॉची फळी समजा, मध्यभागी टेकवलेली. टोकं वरखाली होतात, मध्य जवळजवळ स्थिर राहतो. आणि जितकं उंच जाल तितकं डुलणं जास्त. म्हणून बोट लागणाऱ्याने लांबीच्या मधोमध आणि शक्य तितक्या खालच्या मजल्यावरची केबिन घ्यावी. सगळ्यात वरच्या डेकवरचं पुढचं टोक महाग असलं तरी खवळलेल्या पाण्यात तिथेच सर्वांत जास्त हलतं. अगदी खाली पुढे असाल तर बंदरात शिरताना नांगराची साखळी आणि बोट आडवी सरकवणारी यंत्रं पहाटे जागं करतात. मागच्या टोकाला पाण्याची पांढरी रेघ दिसते ती फार सुंदर, पण तिथे थोडी थरथर जाणवते आणि जेवणघरापासूनचं अंतर कधी कधी खूप असतं.

नकाशात आपली केबिन सापडली की तिच्या बरोबर वरचा आणि बरोबर खालचा मजला बघा. मी पहिल्या खेपेला केलं नाही ते हेच. वर बुफे, पोहण्याचा तलाव, व्यायामशाळा किंवा स्वयंपाकघर नको. खाली नाट्यगृह किंवा नाचगाण्याचा बार नको. वर-खाली दोन्हीकडे केबिनच असतील तर शांत झोप. नकाशात एखादी रिकामी, नाव नसलेली जागा दिसली तर ती बहुतेक कर्मचाऱ्यांची खोली असते, पहाटे ट्रॉल्यांचा आवाज येणारी. दोन केबिनमध्ये आतून दार असल्याची खूण असेल आणि शेजारी तुमचे नातेवाईक नसतील तर टाळा, कारण त्या दारातून बोलणं ऐकू येतं.

लिफ्टपासून तीन-चार केबिन दूर ही वडीलधाऱ्यांसाठी बरोबर जागा. फार जवळ असेल तर वर्दळ, फार लांब असेल तर दिवसातून सहा वेळा ती लांबलचक वाट. बहुतेक केबिनच्या बाथरूमला उंच उंबरठा असतो, बाबा पहिल्या रात्री त्याला ठेचकाळले. चाकाची खुर्ची किंवा वॉकर लागत असेल तर उंबरठा नसलेली खास केबिन मागा. त्या मोजक्या असतात, गरज असलेल्यांनाच देतात.

डावी बाजू की उजवी? जाऊन-येऊन प्रवासात फरक पडत नाही, जाताना जे डावीकडे ते येताना उजवीकडे. हिमनदीसमोर बोट सावकाश गोल फिरते, दोन्ही बाजूंना सारखं दिसतं. एकमार्गी उत्तरेकडे जाणार असाल तर उजवी बाजू घ्या, कारण आखात ओलांडताना किनारा त्या बाजूला असतो. दक्षिणेकडे येणार असाल तर डावी.

बुकिंग लवकर करा. शेवटची रक्कम भरण्याची तारीख बहुतेकदा प्रवासाच्या साधारण तीन महिने आधी असते. तोपर्यंत भाव उतरला तर नवा भाव मागता येतो का, हे बुकिंग करतानाच विचारा.

सहावी पायरी: बॅग आणि पोटोबा

उन्हाळ्यात तापमान साधारण १० ते १८ अंश, हिमनदीजवळ त्याहून कमी. एक जाड कोट नेण्यापेक्षा थर करा: आत थर्मल, मध्ये फ्लीस, वर टोपीचं वॉटरप्रूफ जॅकेट. छत्री वाऱ्यापुढे टिकत नाही. कानटोपी, हातमोजे, पाणी आत न जाणारे बूट. आईने साडीखाली थर्मल घातलं आणि तिला ते छान चाललं, फक्त बंदरावर उतरताना पंजाबी ड्रेस बरा. दुर्बीण मात्र माणशी एक न्या. देवमासा पाठ दाखवतो तो क्षणभर, आणि तेवढ्यात दुर्बीण हातोहात फिरवता येत नाही.

प्रेशर कुकर, राइस कुकर, इलेक्ट्रिक किटली, इस्त्री हे काही बोटीवर चालत नाही, सामान तपासताना काढून घेतात. चकल्या, शंकरपाळे, थेपले यांपैकी कंपनीच्या सीलबंद पाकिटातलं असेल ते सहसा चालतं. घरी केलेलं नेऊ नका. बंदरावर उतरताना फळं किंवा खाणं बरोबर घेऊ नका, ते नियम कडक आहेत. बाथरूमसाठी प्लास्टिकचा लहान मग न्या, उपयोगी पडतो.

शाकाहारी किंवा जैन जेवण हवं तर बुकिंग झाल्यावर लगेच लेखी कळवा, आणि पहिल्या संध्याकाळी जेवणघरातल्या हेड वेटरला स्वतः भेटा. गोव्याची माणसं कित्येक वर्षं या बोटींवर नोकऱ्या करत आलीत. आमचा हेड वेटर मडगावचा निघाला. आईने कोकणीत विचारपूस केली आणि दुसऱ्या दिवसापासून रोज रात्री वरण-भात आणि एक भाजी ताटात आली. त्याने एवढंच मागितलं की उद्या काय हवं ते आज रात्रीच सांगा.

बोट लागू नये म्हणून गोळी बोट हलायच्या आधी घ्यायची असते, मळमळ सुरू झाल्यावर नाही. आपल्याकडे अॅव्होमिन, तिकडे मेक्लिझिन मिळतं. रक्तदाब, काचबिंदू किंवा प्रोस्टेटचा त्रास असेल तर निघण्यापूर्वी डॉक्टरांना विचारा. आलेपाकाच्या वड्या बाबांनी खिशात ठेवल्या होत्या. रिकाम्या पोटी राहू नका आणि नजर लांब क्षितिजावर ठेवा.

निघायचा दिवस आणि पुढे

बंदराच्या गावी आदल्या दिवशी पोचा. विमानाला उशीर झाला म्हणून बोट थांबत नाही. मोठी बॅग धक्क्यावर देता ती संध्याकाळी खोलीत येते, म्हणून औषधं, पासपोर्ट, चष्मा आणि एक स्वेटर हातातल्या पिशवीत ठेवा. सुरक्षा कवायत सगळ्यांना सक्तीची असते. ती लक्ष देऊन करा आणि घरच्यांना आपली जमायची जागा पाठ करायला लावा.

अलास्काचं घड्याळ सिएटलपेक्षा एक तास मागे आहे. बोटीवर कुठली वेळ चालू आहे ते रोज बघा, फोनवर विसंबू नका. सहल बोटीमार्फत घेतली आणि ती उशिरा परतली तर बोट थांबते. बाहेरून स्वस्तात घेतली तर नाही.

हिमनदीच्या दिवशी सकाळी सहाला उठा. काही बोटी त्या दिवशी पुढच्या टोकाचा, एरवी बंद असलेला डेक उघडतात, तो कुठून गाठायचा ते आदल्या रात्री विचारून ठेवा. थर्मासमध्ये चहा भरून घ्या. बर्फाचा कडा कोसळतो तेव्हा आधी तो पडताना दिसतो आणि गडगडाट नंतर पोचतो. आवाज ऐकून मान वळवली तर तोवर पाण्यात फक्त लाट उरलेली असते. म्हणून सगळीकडे बघत न बसता कड्याची अशी एक जागा धरा जिथून बारीक बारीक तुकडे सारखे गळतायत, आणि दुर्बीण तिथेच रोखून ठेवा. बाबांनी तसं केलं. पाऊण तासाने तिथलाच चार मजली घराएवढा तुकडा सुटला. "पडला!" असं ते ओरडले तेव्हा आम्हाला अजून काहीच ऐकू आलेलं नव्हतं.